असलं विकतं कोण, आणि घेतं कोण? ऑनलाइन लिलावातल्या विचित्र लिस्टिंगचा छडा कसा लावायचा

जुन्या गेमिंग कन्सोलचं रिकामं खोकं. आत काहीही नाही, हे विक्रेत्याने तीनदा लिहिलंय, त्यातलं एकदा चांगलं ठळक अक्षरांत. तरीही बावीस बोल्या लागलेल्या आणि लिलाव संपायला अजून दोन दिवस बाकी.

असं काही दिसलं की बहुतेक लोक हसतात, स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवतात आणि पुढे जातात. मला ते जमत नाही. लिलावाच्या साइट्सवर मी जेवढं विकत घेतो त्याच्या कितीतरी पट नुसता बघत बसतो, आणि त्यातला बराचसा वेळ अशाच कोड्यांवर जातो. खोक्याचं कोडं तसं सोपं होतं. कन्सोल जपून ठेवलाय, पण खोकं कधीच फेकून दिलं, असे मालक पुष्कळ असतात. खोक्यासकट संचाला संग्राहक बरेच जास्त पैसे मोजतात. म्हणजे बोली लावणारे पुठ्ठा घेत नव्हते, आपला संच पुरा करत होते.

तेव्हापासून विचित्र लिस्टिंग, म्हणजे विक्रीला लावलेल्या वस्तूचं पान, दिसलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हे कोणाला विचित्र वाटणार नाही? तो माणूस डोळ्यांसमोर आला की कोडं निम्मं सुटतं. या प्रश्नाचा पहिला धडा ईबे या लिलावाच्या साइटच्या जन्मातच आहे. पिएर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये 'ऑक्शनवेब' नावाने ती साइट सुरू केली आणि तिथे अगदी सुरुवातीला विकली गेलेली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. हा बंद आहे, कळलंय ना तुम्हाला, असं त्यांनी घेणाऱ्याला आवर्जून विचारलं. तर तो गृहस्थ बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवत होता.

मात्र सगळी उत्तरं इतकी निरागस नसतात. माझ्या अनुभवात विचित्रपणामागे पाचांपैकी एखादं कारण असतं. विक्रेत्याला आपण काय विकतोय ते माहीत नसतं. किंवा त्याला माहीत असतं, आपल्याला नसतं. किंवा साइटच्या एखाद्या नियमाला वळसा घालताना भाषा वाकडी झालेली असते. किंवा मजकूर, किंमत, फोटो यांतलं काहीतरी माणसाने नव्हे, सॉफ्टवेअरने केलेलं असतं. आणि पाचवं, सरळसरळ डाव असतो. खालच्या पायऱ्या म्हणजे या पाचांतलं आपल्यापुढचं कारण कोणतं, ते ओळखण्याची रीत.

पायरी १: आधी जपून ठेवा

लिस्टिंग बदलतात, काढली जातात, विक्रेता वर्णन दुरुस्त करतो. म्हणून तर्क लढवण्याआधी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, लिस्टिंगचा क्रमांक आणि सगळे फोटो मोठ्या आकारात उतरवून घ्या. पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) जतन होतंय का तेही बघा. होईलच असं नाही, पण प्रयत्नाला दोन मिनिटं लागतात. ईबेवर संपलेल्या विक्रीच्या साध्या शोधात साधारण गेल्या तीन महिन्यांचंच दिसतं, त्यामुळे "नंतर बघू" म्हणून सोडलेलं कोडं बहुधा कायमचं जातं.

पायरी २: शीर्षक आणि वर्णन वेगवेगळं वाचा

शीर्षक शोधयंत्रासाठी लिहिलेलं असतं, वर्णन माणसासाठी. हे एकदा लक्षात आलं की निम्मी विचित्र शीर्षकं विचित्र राहत नाहीत. ईबेवर शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात विक्रेता शक्य तेवढे शब्द कोंबतो: वस्तूचं नाव, तिच्या चुलत वस्तूचं नाव, तीन शैली, दोन दशकं आणि वर "दुर्मीळ". एकच दिवा एकाच ओळीत व्हिक्टोरियन, आर्ट डेको आणि औद्योगिक असेल, तर दिवा गोंधळलेला नाही. शोधणारा कोणता शब्द टाकेल ते विक्रेत्याला ठाऊक नाही, एवढंच.

दुसरा प्रकार यांत्रिक भाषांतराचा. शब्द सगळे बरोबर, पण अर्थ गायब. अशा वेळी ते वाक्य मनातल्या मनात विक्रेत्याच्या भाषेत परत न्यायचा प्रयत्न करा, किंवा भाषांतराच्या ॲपला उलटं विचारा. एका शब्दाला दोन अर्थ असतात, यंत्राने चुकीचा उचललेला असतो आणि "भोंग्याचं बटण" म्हणजे शिंगाचं बटण निघतं.

तिसरा प्रकार स्पेलिंगच्या चुकांचा, आणि इथे कोड्यात कधी कधी पैसेही दडलेले असतात. 'ऑलसॉप्स आर्क्टिक एल' ही १८५२च्या ध्रुवीय मोहिमेसाठी बनवलेली बिअर. तिची एक जुनी बाटली २००७ मध्ये ईबेवर आली, पण नावातला एक 'पी' गळाला होता. शोधणाऱ्यांना ती सापडलीच नाही आणि ३०४ डॉलरला गेली. घेणाऱ्याने अचूक नाव घालून ती पुन्हा लावली, तेव्हा बोली ५,०३,३०० डॉलरवर थांबली. या आकड्याकडे आपण पुन्हा येऊ, कारण गोष्ट तिथे संपत नाही.

आता वर्णन. इथे काही ठरलेले शब्द असतात आणि ते करारातल्या कलमांसारखे वाचावे लागतात. "अनटेस्टेड" म्हणजे तपासलेलं नाही. पण ज्या वस्तूला नुसती वायर जोडून बटण दाबायचं असतं, ती कोणी खरंच तपासली नसेल का? माझा ठोकताळा असा, की साध्या विजेच्या उपकरणावर "अनटेस्टेड" लिहिलेलं दिसलं की ते बंद आहे असं धरून चालायचं. चालू निघालं तर आनंद. "ॲज इज" म्हणजे आहे त्या स्थितीत, नंतर तक्रार ऐकणार नाही. "फॉर पार्ट्स" म्हणजे सुट्या भागांसाठी. आणि सर्वांत निसरडा शब्द "स्टाइल". अमुक काळाच्या स्टाइलची खुर्ची ही त्या काळातली नसते. असती तर तो शब्द लिहायची गरजच पडली नसती. "न्यू ओल्ड स्टॉक" हा प्रकार मात्र खरा असू शकतो: जुना माल, कधी न वापरलेला, गोदामात पडून राहिलेला.

वर्णनात काय नाही, तेही वाचा. घड्याळाचा पट्टा, काच, डबा यांवर चार परिच्छेद आणि चालतं की नाही यावर एक शब्द नाही, तर तो शब्द विसरलेला नसतो. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका तरुणाने नव्या एक्सबॉक्स वन या गेमिंग कन्सोलसाठी ४५० पौंड मोजले आणि घरी आला तो एक्सबॉक्सचा फोटो. ही वस्तू म्हणजे फोटो आहे, हे लिस्टिंगमध्ये लिहिलेलं होतं. वस्तू योग्य विभागात, किंमत योग्य पट्ट्यात, आणि शब्द मात्र एकच चुकीचा, जो आपला डोळा उडवून पुढे जातो. म्हणून मी वर्णन एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे, वाक्य वाक्य करून वाचतो. वेडगळ वाटतं, पण नजर घसरत नाही.

पायरी ३: फोटोची उलटतपासणी

पहिलं काम, फोटो उलट शोधायला टाका. गूगल लेन्स आणि टिनआय ही दोन साधनं पुरतात. पहिलं वस्तू ओळखायला चांगलं, दुसरं तोच फोटो आधी कुठे कुठे येऊन गेला ते सांगायला. तोच फोटो तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे असेल, तर निदान दोघांकडे ती वस्तू नाही. पण घाई नको. नव्या मालाला उत्पादकाचा फोटो सगळेच वापरतात. वापरलेल्या, ओरखड्याओरखड्याने ओळखू येणाऱ्या वस्तूचा फोटो पुन्हा सापडला तरच शंका घ्यायची.

दुसरं, फोटोंची आपसात तुलना. एका फोटोत डावीकडे टवका उडालेला, दुसऱ्यात नाही? फोटो उलटा झालाय, की वस्तूच दोन आहेत? पार्श्वभूमी बघा: टेबल तेच, उजेड तोच, पण एकाच फोटोत फरशी वेगळी, तर तो एक फोटो दुसरीकडून आलाय. चकचकीत वस्तूंत खोली दिसते, खिडकी दिसते आणि बऱ्याचदा विक्रेताही दिसतो. एके काळी किटलीच्या पोटात उघडावाघडा विक्रेता दिसण्याचे इतके प्रकार झाले, की त्यावर लोकांनी हसून हसून पानं भरली. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की प्रतिबिंब खोटं बोलायला विसरतं. "कुलूपबंद पेटीत शंभर वर्षं पडून होतं" म्हणणाऱ्याच्या मागे तशाच दहा वस्तूंची रांग चमकत असते.

तिसरं, आकार. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. कोरीव कामाचं एक लहानसं लाकडी कपाट फार आवडलं होतं. उंची १८ लिहिली होती. १८ काय, ते लिहिलं नव्हतं. मी इंच धरले, कप्प्यांत काय काय ठेवायचं तेही ठरवून टाकलं. आलं ते बाहुलीच्या घरातलं, १८ सेंटिमीटर. किंमत बघून शंका यायला हवी होती, पण "स्वस्तात मिळतंय" या आनंदात मी ती शंका गिळली. फोटोत हात, नाणं, मोजपट्टी असं काही नसेल तर लाकडाच्या रेषा, खिळ्यांची डोकी, कापडाची वीण यांवरून अंदाज बांधता येतो. वस्तू लहान झाली तरी लाकडाचे तंतू लहान होत नाहीत. माझ्या कपाटाच्या दारावर रेषा होत्या फक्त चार. नंतर दिसल्या.

गडद खोलीत हिरवीगार चमकणारी काचेची वाटी, अशी लिस्टिंग्ज पुष्कळ दिसतात आणि अनोळखी माणसाला ती भुताटकी किंवा फोटोतली करामत वाटते. ती युरेनियम ग्लास. काचेत थोडं युरेनियम मिसळलेलं असतं आणि अतिनील टॉर्चच्या उजेडात ते हिरवं चमकतं. विक्रेता विचित्रपणा करत नाही, संग्राहकाला हवा असलेला पुरावा देतोय.

पायरी ४: वस्तूवरच्या खुणा वाचा

मला सगळ्यांत आवडणारी पायरी ही. "हे काय आहे मला माहीत नाही, आजोबांच्या सामानात सापडलं" अशा लिस्टिंगवर बहुतेक जण आकारावरून तर्क करत बसतात. आकार सोडा, अक्षरं शोधा. तळ, बिजागरीची आतली बाजू, हँडलची खाच: फोटो मोठा करून प्रत्येक ठसा टिपून घ्या.

पेटंट क्रमांक असेल तर तो सोन्याहून मोलाचा. गूगल पेटंट्सवर टाकलात की मूळ आकृतीसकट वस्तू काय करते ते कळतं. अमेरिकन क्रमांकाचा अंदाज तोंडपाठ ठेवता येतो: दहा लाखावं पेटंट ऑगस्ट १९११ मध्ये दिलं गेलं, वीस लाखावं एप्रिल १९३५ मध्ये, तीस लाखावं सप्टेंबर १९६१ मध्ये आणि चाळीस लाखावं डिसेंबर १९७६ मध्ये. म्हणजे "१९२० सालची" म्हणून लावलेल्या सोलणीवर २१ लाखांच्या घरातला क्रमांक दिसला की विषय संपला. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. जुना क्रमांक नव्या मालावर वर्षानुवर्षं छापला जातो. क्रमांक सांगतो तो "याच्या आधीची नाही" एवढंच.

देशांची नावंही बोलतात. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं, हा अमेरिकेचा कायदा १८९१ पासून लागू झाला; त्यानंतर जपानी मालावर आधी 'निप्पॉन' येई आणि १९२१ पासून 'जपान'. 'ऑक्युपाइड जपान' असा ठसा असेल तर माल दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ मध्ये जपानवरचा दोस्त राष्ट्रांचा ताबा संपण्याच्या आधीचा. 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९० मधलं काहीतरी. ब्रिटिश वस्तूवर कोपऱ्यांत अक्षरं असलेला, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठसा दिसला तर ती नोंदणीची खूण १८४२ ते १८८३ या काळातली.

ठसा नसेल तर स्क्रू बघा. चार पाकळ्यांचा फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकातला. व्हिक्टोरियन म्हणवणाऱ्या पेटीच्या बिजागरीत तो दिसला, तर एक तर बिजागरी बदललीय किंवा पेटीच नवीन आहे. दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो जून १९७४ मध्ये, आणि तरीही युद्धकाळातल्या म्हणून लावलेल्या डब्यावर बारकोड मी पाहिलाय. विक्रेत्याने तो लपवलाही नव्हता. यावरून तो लबाड नाही, अडाणी आहे, हेही कळलं. लबाड असता तर फोटो दुसऱ्या बाजूने काढला असता.

नियम एकच धरायचा. वस्तूवरच्या सगळ्या खुणांत जी सर्वांत अलीकडची, तिच्याआधी वस्तू जाऊ शकत नाही.

आणि काही वेळा वस्तूची ओळख पटते, तरी ती कोणाला कशाला हवी, ते कळत नाही. संगणकाचे जुने पेंटियम प्रो प्रोसेसर वजनावर विकताना दिसतात. १९९५चा हा चिप आता चालवणार कोण? चालवायचा नसतोच, त्याच्यावरचं सोनं काढायचं असतं. तुटकी घड्याळं, एकाच पायाचा बूट, चष्म्याची एकच काडी, रेडिओचं एक बटण, सगळ्यांना गिऱ्हाईक असतं. फक्त ते आपण नसतो.

पायरी ५: किंमत

अवाच्या सवा किंमत दिसली की लोकांना लगेच काळा पैसा किंवा कारस्थान सुचतं. बहुतेक वेळा कारण फार रुक्ष असतं. माल संपला, पण लिस्टिंग बंद केलं तर आजवरच्या विक्रीचा इतिहास जातो. म्हणून विक्रेता किंमत अशी ठेवतो की कोणी घेऊ नये. दोन हजारांची चटई दोन लाखांना दिसते ती यामुळे.

किंवा किंमत यंत्राने ठरवलेली असते. एप्रिल २०११ मध्ये ॲमेझॉनवर माशीच्या वाढीच्या जनुकशास्त्रावरचं एक जुनं पाठ्यपुस्तक २,३६,९८,६५५.९३ डॉलरला लागलं होतं. वर टपालखर्च ३.९९ डॉलर वेगळा! मायकल आयझेन या जीवशास्त्रज्ञाने रोजच्या किमती टिपून त्याचा उलगडा केला. दोन विक्रेत्यांची सॉफ्टवेअर्स एकमेकांकडे बघून किंमत लावत होती. पहिलं दुसऱ्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट लावी, म्हणजे किंचित कमी. दुसरं पहिल्याच्या १.२७०५८९ पट. दोन्हींचा गुणाकार केला तर दर फेरीला किंमत सुमारे २७ टक्क्यांनी वाढते, आणि थांबवायला कोणी माणूस नाही. दुसरा विक्रेता जास्त का लावत होता? आयझेन यांचा तर्क असा की त्याच्याकडे पुस्तक नव्हतंच. मागणी आली तर पहिल्याकडून घेऊन नफा ठेवून पाठवायचं, असा त्याचा बेत होता. तेव्हा विचित्र दशांशांची किंमत दिसली की दोन-तीन दिवस ती टिपून ठेवा. रोज ठरावीक पटीत हलत असेल तर पलीकडे माणूस नाही.

फारच कमी किमतीचे प्रकार जास्त धोक्याचे. एकाच लिस्टिंगमध्ये अनेक पर्याय ठेवून त्यात एक क्षुल्लक वस्तू घालायची, म्हणजे शोधात सगळ्यात खालची किंमत झळकते. आत गेल्यावर कळतं की त्या किमतीला कॅमेरा नाही, कॅमेऱ्याची टोपी मिळते. किंवा वस्तू जवळजवळ फुकट आणि टपालखर्च डोळे पांढरे करणारा. प्रचंड क्षमतेचा यूएसबी ड्राइव्ह चहाच्या किमतीत मिळत असेल, तर आतल्या कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. संगणकात क्षमता लिहिलेली दिसते, पण खरी जागा भरली की नव्या फाइल्स जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात. घेतलाच असेल तर एफ-३ किंवा एच-२-टेस्ट-डब्ल्यू या मोफत साधनांनी पूर्ण भरून तपासा, आणि परतीची मुदत संपायच्या आत तपासा.

एक सवय मात्र लावून घ्याच: मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत वेगळी धरायची. "ईबेवर याला अमुक लाख मिळतात" असं सांगणारा बहुधा चालू लिस्टिंग बघून बोलत असतो. मागायला काय, कोणी काहीही मागेल. विक्री झालेल्या वस्तूंचा फिल्टर लावा. आणि विक्री झालेली दिसली तरी पैसे दिले गेलेच असं नाही. मघाची ती बिअर आठवा: पाच लाखांची बोली थट्टेची निघाली, पैसे आलेच नाहीत.

पायरी ६: बोल्यांचा इतिहास

बोल्यांची यादी उघडण्याआधी यंत्रणा समजून घ्यायला हवी. तुम्ही तुमची कमाल रक्कम सांगता, साइट तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. तुमची कमाल १०० आणि दुसऱ्याची ६०, तर किंमत ६०च्या एक टप्पा वर थांबते. त्यामुळे दोन हट्टी माणसं एका सामान्य वस्तूवर भिडली की शेवटचा आकडा वेड्यासारखा दिसतो, आणि त्यात काहीच काळंबेरं नसतं. ("घेतलं असतं त्याने हजारात, पण माझ्या हातून जाऊ देणार नाही" हा स्वभाव लिलावाइतकाच जुना.)

शेवटच्या दहा सेकंदांत पडलेल्या बोल्याही संशयास्पद नाहीत. जिथे लिलाव ठरल्या क्षणी संपतो तिथे असं होणारच. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली होती. ॲमेझॉनवर उशिरा बोली आली की लिलाव लांबत जाई, दहा मिनिटं शांत गेल्यावरच संपे. तिथे शेवटच्या क्षणीची झुंबड खूपच कमी होती.

संशय घ्यायचा तो वेगळ्याच गोष्टीवर. एकच खातं छोट्या छोट्या पायऱ्यांनी बोली चढवत जातं, दुसऱ्याची कमाल मर्यादा जेमतेम गाठेपर्यंत, आणि तिथेच थांबतं. त्या खात्याच्या बहुतेक बोल्या याच विक्रेत्याच्या वस्तूंवर असतात आणि ते जवळजवळ कधीच जिंकत नाही. हा विक्रेत्याचा माणूस असण्याची शक्यता दाट. नवशिकाही असंच चाचपडत बोली लावतो, हे खरं, पण नवशिका कधीतरी जिंकतो. आणखी एक ठळक खूण: तीच वस्तू "घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत" म्हणून दर आठवड्याला पुन्हा येते.

पायरी ७: विक्रेता

त्याच्या बाकीच्या वस्तू बघा. एवढ्यानेच कधी कधी सगळं उलगडतं. एकटं पडलेलं विचित्र लिस्टिंग आणि चाळीस सारख्याच विचित्र लिस्टिंग्जपैकी एक, यांत फरक आहे. बाहुल्या, पडदे, दंतवैद्याची खुर्ची, ट्रम्पेट, सगळं एकाच आठवड्यात लागलं असेल तर कोणाचं तरी घर रिकामं होतंय, आणि विकणाऱ्याला वस्तूंची माहिती असण्याची शक्यता कमी.

अभिप्रायांचा आकडा नव्हे, तारखा आणि वस्तू वाचा. आठ वर्षं लोकरीचे गुंडे विकणारं, दीड वर्ष गप्प असलेलं खातं अचानक वीस महागडे लॅपटॉप लावतं तेव्हा ते खातं बहुधा चोरलेलं असतं. शेकडो चांगले अभिप्राय, पण सगळे कवडीमोल वस्तूंवरचे, हाही फसवण्याचा एक जुना मार्ग. आणि "साइटबाहेर पैसे पाठवा, स्वस्तात देतो" असा निरोप आला की कोडं सोडवण्यात वेळ घालवू नका. सुटलंय ते.

पायरी ८: कुठला नियम चुकवला जातोय?

साध्या बॉलपेनला भरमसाट किंमत आणि सोबत "भेट म्हणून" कार्यक्रमाचं तिकीट. तिकीट चढ्या भावाने विकायला बंदी असली की पेन महागतं. शब्द जितका आडवळणाचा, तितका त्यामागे एखादा नियम उभा असण्याची शक्यता जास्त.

सप्टेंबर १९९९ मध्ये ईबेवर चक्क माणसाचं मूत्रपिंड लिलावाला लागलं होतं आणि साइटने काढून टाकेपर्यंत बोली ५७ लाख डॉलरवर गेली होती. असलं उघड लिस्टिंग आता टिकत नाही, म्हणून मना असलेली गोष्ट टोपणनावाने येते. ईबेने २००९ पासून हस्तिदंत बंद केलं, आणि हस्तिदंतासाठी "बैलाचं हाड" हा सांकेतिक शब्द विक्रेत्यांत रुळला. सगळंच बैलाचं हाड खोटं नसतं, पण हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात, तर हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी. फोटोत ती जाळी दिसली आणि वर हाड लिहिलं असेल, तर ते घेऊ नका, साइटला कळवा.

झपाटलेल्या बाहुल्यांची भाषाही नियमानेच घडवलीय. मंत्र, शाप, जादू असल्या हाताला न लागणाऱ्या गोष्टींची विक्री ईबेने २०१२ मध्ये बंद केली. त्यामुळे विक्रेता आधी तीन परिच्छेद अंगावर काटा आणतो आणि शेवटी बारीक अक्षरांत लिहितो: तुम्ही फक्त बाहुली घेताय, मजकूर मनोरंजनासाठी. २००३ मध्ये ईबेवर आलेली 'डिबुक बॉक्स' नावाची दारूची छोटी कपाटपेटी याचा बाप. आत आत्मा कोंडलाय ही कहाणी जगभर गेली, आणि २०२१ मध्ये मूळ विक्रेत्यानेच ती आपण रचल्याचं सांगितलं. कहाणी हाच खरा माल असेल तर कहाणीलाच किंमत द्या, पेटीला नको.

पायरी ९: विचारा, पण नीट विचारा

"हे खरं आहे का?" असं विचारलं तर उत्तर येतं "हो". असा प्रश्न विचारा की उत्तर द्यायला वस्तू हातात घ्यावी लागेल. वजन किती ग्रॅम? तळाचा फोटो उजेडात मिळेल का? आजच्या तारखेचा कागद शेजारी ठेवाल का? झाकणाच्या आतल्या बाजूला काही कोरलंय का? ज्याच्याकडे वस्तू आहे तो हे पाच मिनिटांत करतो, कधी कंटाळून का होईना. नसेल तो लांबलचक उत्तर देतो, पण वजन सांगत नाही. आणि वस्तू अनोळखी असेल तर उत्तर सुचवू नका. "ही केशर मोजायची तागडी आहे ना?" असं विचारलंत, तर उद्या शीर्षकात केशर येईल.

इतकं करूनही उलगडा झाला नाही तर बोली लावायची का? लावा, पण रक्कम एवढीच की वस्तू तुम्हाला वाटते त्यातली सर्वांत कंटाळवाणी निघाली तरी दुःख होणार नाही.

एक कोडं मला चांगलंच पुरून उरलं होतं. लोखंडी चावी, बोटाएवढी, दात विचित्र कापलेले. शीर्षक नुसतं "चावी". किंमत इतकी की त्या पैशात कुलूप, दार आणि बहुधा भिंतही आली असती. दर महिन्याला मुदत संपे, दर महिन्याला ती पुन्हा लागे, फोटो तेच. मी सगळ्या पायऱ्या केल्या. फोटो दुसरीकडे कुठे नव्हता, ठसा नव्हता, विक्रेत्याची बाकी विक्री साधीसुधी होती, सॉफ्टवेअरने ठरवलेली किंमत म्हणावी तर आकडा वर्षभर हलला नव्हता. शेवटी लिहिलं: ही कशाची चावी आहे, आणि एवढी किंमत का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "वडिलांची आहे. कशाची ते आम्हालाही माहीत नाही. ओळखणारा कोणीतरी लिहील म्हणून लावलीय. किंमत जास्त ठेवलीय, कारण विकायची नाही."